खाटेचा चौथा कोपरा

मी खाली सही करणारी, वय वर्षे चौपन्न, धंदा गाड्यांची सीट-कव्हरं आणि गाद्या शिवणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं नाव आणि पत्ता सोबत जोडलेल्या ओळखपत्राच्या प्रतीवर आहे, तिथे बघावा. लोक मला समोर ताई म्हणतात आणि पाठीमागे टोच्याबाई. टोच्या म्हणजे रेक्झिनला भोक पाडायचं हत्यार. हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी तापात नाही, नशेत नाही, रडतही नाही. येत्या गुरुवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर दोनदा म्हणाले, "काही नाही, साधं ऑपरेशन आहे." साधं असतं तर एकदाच म्हणाले असते. म्हणून हा कागद.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने एक छापील नमुना दिला, त्यातले शब्द लागतील तिथे घेतले आहेत. तो टाईप करून देत होता. मी नको म्हटलं. टाईप केलेल्या कागदात कोण काय घुसडेल सांगता येत नाही. माझं अक्षर वाकडं आहे, रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतं. त्याची नक्कल करायची तर आधी हात मोडून घ्यावा लागेल.

कलम १. माझं जाड सुईचं शिवणयंत्र, टोच्या, वाकड्या सुयांचा डबा, मोठी कात्री आणि पकडी माझ्या भाचीला द्याव्यात. तिला शिवता येत नाही. पण मागच्या सुट्टीत आली तेव्हा तिने कोणी न सांगता यंत्राला तेल घातलं, आणि बरोबर भोकात घातलं. तेवढं मला पुरे. कात्रीने कागद कापायचा नाही. एकदा जरी कापलास तर मला कळेल, मी कुठेही असले तरी.

कलम २. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लक भाचीच्याच नावे. भावाच्या नावे नाही. भाऊ भोळा आहे, त्याला कोणीही गोड बोलून गंडवतं. त्याने राग धरू नये. धरला तरी मी बघायला नसेन.

कलम ३. घर. हे मुख्य कलम आहे, नीट वाचावं.

घर दोन मजली आहे, खाली माझं दुकान, वर माझी खोली. नवऱ्याने जिवंतपणी माझ्या नावे केलेलं, कागद लोखंडी कपाटात. हे घर मला मंडळाला द्यायचं आहे.

मंडळ म्हणजे आमचं रुग्णसाहित्य उसनवार मंडळ. लोक खाटमंडळ म्हणतात. कोणाच्या घरी माणूस आजारी पडलं की आम्ही लोखंडी खाट, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, कुबड्या, हवेची गादी असं जे लागेल ते घरपोच नेऊन देतो आणि काम झालं की परत आणतो. फुकट. बावीस वर्षांपूर्वी मी, माझा नवरा आणि मास्तर अशा तिघांनी सुरू केलं. नवरा सायकली दुरुस्त करायचा म्हणून चाकं त्याच्याकडे, गाद्या माझ्याकडे, आणि मास्तर शाळेतले म्हणून वही त्यांच्याकडे. नवरा गेल्यावर चाकंही माझ्याकडे आली.

यात खाट ही खरी गोष्ट आहे. डोक्याकडून वर उचलायची, हँडल फिरवायची खाट असते ती. भयंकर जड. तिला चार कोपरे आणि चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. तिघांत जिन्याचं वळण घेता येत नाही, मी करून पाहिलं आहे, माझ्या पायाच्या अंगठ्याला विचारा. एकेकाळी आमच्यात अडतीस सभासद होते. आज वहीत सात आहेत. त्यातल्या दोघांचे गुडघे गेले, एकाची पाठ गेली, आणि मास्तरांना वेळ नाही. मागच्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंना खाट हवी होती. आम्ही तीन जण होतो. चौथा माणूस तीन दिवस शोधला. त्या बाई जमिनीवरच्या अंथरुणातच वारल्या, आणि खाट आमच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभी होती. त्यांच्या नवऱ्याने मला फक्त एवढंच विचारलं, "तुमच्याकडे चार माणसं नाहीत?"

आता शेडच्या मालकालाही शेड परत हवी आहे. म्हणून घर द्यायचं. पण सात जणांच्या हाती घर देऊन काय करू? ते तिथे वर्तमानपत्र वाचत बसतील. तर अट अशी:

माझ्या मृत्यूच्या दिवशी मंडळात किमान बारा सभासद असतील तर घर मंडळाचं. एक जरी कमी असेल तर घर माझ्या धाकट्या दिराचं.

दीर माणूस वाईट नाही. पण तो माझ्या तब्येतीची चौकशी करायला येतो आणि जाताना भिंतीवर टिचक्या मारून बघतो.

कलम ४. वरच्या कलमातला सभासद म्हणजे कोण ते आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर मास्तर आपल्या दोन सुना, एक जावई आणि वाचनालयातली मित्रमंडळी वहीत भरून बारा करतील. त्यांचं अक्षर सुंदर आहे, सुंदर अक्षरात काहीही खरं वाटतं.

सभासद म्हणजे जो किमान सहा वेळा खाटेचा कोपरा धरून जिना चढला आहे आणि जो अजून उचलतो. वर्गणी भरली, बिल्ला लावला, भाषण ऐकलं, हे मोजायचं नाही.

या हिशोबाने आज मोजले तर सभासद तीन, मला धरून. मी मेल्यावर दोन. बारा कसे होणार ते मंडळाने बघावं.

मास्तरांनी माणसं आणायला काय काय केलं नाही. फलक लावले. बिल्ले केले. चहा-बिस्किटं ठेवली. "सभासद जोडा आठवडा" केला, त्यात फोटो काढायला नऊ जण आले आणि खाट उचलायला शेवटी फोटोग्राफर आला. दोष मात्र मला देतात. कारण येणाऱ्याला मी तपासते. आधी त्याच्या घरी जाते, का यायचं आहे ते विचारते, आणि मग तीन महिने कच्चा सभासद म्हणून कमोडच्या खुर्च्या धुवायला लावते. तोवर खाटेला हात लावू देत नाही, किल्ली तर नाहीच.

मास्तर म्हणाले, "ताई, माणसं म्हणजे काय रेक्झिन आहे का?"

मी म्हटलं, "रेक्झिन पण मी वाकवून बघते, मगच घेते."

"रेक्झिन वाकवलं तर दुकानातच राहतं. माणूस उठून जातो."

"जाणारा गेलेलाच बरा," मी म्हटलं.

आणि संशय मी उगाच घेत नाही. चौकातला औषधवाला दोन वर्षांपूर्वी आला होता. मी त्याच्या दुकानात गेले, गिऱ्हाईकं जाईपर्यंत थांबले आणि विचारलं, "तुमचा यात फायदा काय?"

"फायदा काही नाही, ताई."

"फायदा नाही आणि तरी यायचंय? मग तर मला जास्तच संशय येतो."

तो हसला. म्हणाला, "बरं, मग असं समजा की फायदा आहे. आजाऱ्यांच्या घरांत ओळखी होतील."

"बघा," मी म्हटलं, "पोटातलं आलं ना ओठांवर."

तो पुन्हा आला नाही. एक बँकेतून निवृत्त झालेला कारकून आला होता, तो एकटा राहायचा, त्याला नुसतं बोलायला माणूस हवं होतं हे मी दोन मिनिटांत ओळखलं. एक कॉलेजची मुलगी आली, तिला नुसतं प्रमाणपत्र हवं होतं. ओळखण्यात मी कधी चुकले नाही. तसे नऊ वर्षांत एकतीस जण आले. राहिला एक, तो बहिरा आहे.

कलम ५. लाँड्रीवालीला माझ्या मालमत्तेतला दोराही मिळू नये.

ही बाई नऊ वर्षांपूर्वीपर्यंत मंडळात होती. ओल्या चादरी पिळून पिळून तिचे दंड असे झाले आहेत की खाटेची डोक्याकडची बाजू ती एकटी पेलायची. आमच्याकडे चाकाची खुर्ची क्रमांक सहा होती, निळ्या रेक्झिनची, मी स्वतः शिवलेली, दुहेरी टाक्याची. ती तिने घड्याळवाल्याच्या आईकडे पोचवली. म्हातारी काही दिवसांनी वारली. घड्याळवाला महिन्याभरात घर विकून मुलीकडे राहायला गेला. आणि खुर्ची गायब. तिचं कार्डही गायब. मी भर सभेत उभी राहून म्हटलं, "खुर्ची हिने विकली."

ती काही बोलली नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. चोरी केली नसती तर बोलली असती. तिच्यामागे त्याच दिवशी चार जण गेले, पुढच्या महिन्यात आणखी सहा. गळती तिथून लागली ती लागलीच. कच्च्या सभासदाचा नियमही मी तिच्यामुळेच केला. मंडळ तिने मोडलं असं मी समजते, आणि हे कोणी वाचून दाखवलं तर तिच्यासमोर वाचावं.

(हे पाचवं कलम मी नंतर खोडलं आहे. एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. मुद्दाम. का ते पुढे आहे.)

कलम ६. मंडळाचे तीन डबे आणि त्यातली कार्डं मंडळाच्याच ताब्यात राहावीत.

हे डबे इतकी वर्षं माझ्याकडे आहेत म्हणून कोणी ते माझ्या सामानात धरू नयेत. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं. वस्तू शेडमध्ये असेल तर कार्ड "घरात" या डब्यात. कोणाकडे दिली की "बाहेर" या डब्यात. तिसरा डबा "थांबा". ज्याच्यासाठी वस्तू नेली ते माणूस वारलं, तर त्या घरी महिनाभर वस्तू मागायला जायचं नाही असा आमचा नियम आहे, नवऱ्याने केलेला. तो म्हणायचा, रडणाऱ्या घरातून खाट ओढून आणायची नाही. तेवढा महिना कार्ड "थांबा" डब्यात.

शनिवारी हे कलम लिहायचं म्हणून डबे रिकामे केले, पुसले. पुढे कोणी म्हणू नये की टोच्याबाईने डबे घाण दिले. तिन्ही डब्यांच्या तळाला मी रेक्झिन चिकटवलेलं आहे, गंज लागू नये म्हणून. "थांबा" डब्यातलं सुटत आलं होतं. नवीन लावावं म्हणून ओढलं. त्याच्या खाली, सरसाने पत्र्याला घट्ट बसलेलं, कार्ड क्रमांक सहा.

त्यावर लिहिलं आहे: निळी खुर्ची. घड्याळवाल्याच्या आई. वारल्या. महिनाभर थांबा.

अक्षर रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतं.

त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही.

रविवारी मी घड्याळवाल्याच्या जुन्या इमारतीत गेले. नऊ वर्षांत तिथे आमच्यातलं कोणीच गेलं नव्हतं. खुर्ची विकली असं मीच सांगितलं होतं, मग बघायला कशाला कोण जाणार. तिसऱ्या मजल्याच्या वर, गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या कोपऱ्यात खुर्ची उभी होती. तिच्यात पाच कुंड्या होत्या. समोरच्या दारातून एक बाई आल्या.

"तुमची आहे का? आम्ही राहायला आलो तेव्हापासून इथेच आहे. कोणीतरी न्यायला येईल म्हणून टाकली नाही. चालेल ना, झाडं ठेवली तर?"

"न्यायला कोणी आलं नाही?"

"नाही हो. सुरुवातीला वाट बघितली. मग म्हटलं, झाडांना ऊन दाखवायला बरी पडते, ढकलता येते."

चाकं चालू होती. माझा दुहेरी टाका कुठेही उसवलेला नव्हता. मी बाईंना म्हटलं, झाडं राहू द्या. का म्हटलं ते मला माहीत नाही, खुर्ची मंडळाची आहे, द्यायचा मला अधिकार नाही. मंडळाने ती रीतसर परत आणावी आणि बाईंना कुंड्यांसाठी एक फळी करून द्यावी.

कलम ७. साक्षीदारांबद्दल.

सोमवारी टायपिस्टकडे गेले. त्याने माझा कागद वाचला. कलम ४ वाचताना हसला, मी पाहिलं. मग म्हणाला, "दोन साक्षीदार लागतील. आणि ज्याला यातून काही मिळणार तो साक्षीदार नको. घर मंडळाला देताय, तर मंडळातलाही माणूस नकोच. उद्या कोणी बोट दाखवेल."

"मग कोण?"

"तुम्हाला चांगलं ओळखणारी, पण मंडळाबाहेरची दोन माणसं. एवढी तर असतीलच की."

मी तिथेच बाकावर यादी करायला बसले. मला ओळखणारी माणसं खूप आठवली. एकूण एक माणूस कधी ना कधी मंडळाच्या दारात आलेलं होतं, आणि एकूण एकाला मी घालवलेलं होतं. ती दोन नावं मिळेनात. शेवटी मी एकच नाव लिहिलं, कारण तिच्याकडे मला तसंही जायचंच होतं.

लाँड्री दुपारी रिकामी असते. ती चादरीची घडी घालत होती. मी कार्ड तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. तिने वाचलं. घडी पुरी केली.

मी म्हटलं, "खुर्ची सापडली. माझ्याच डब्यात कार्ड होतं. मीच लिहिलेलं."

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय? तुला आधीच माहीत होतं?"

"खुर्ची कुठे आहे ते नव्हतं माहीत. मी घेतली नाही, एवढं माहीत होतं. मला तेवढं पुरत होतं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का?"

तिने दुसरी चादर उचलली, एक टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं. विचारलं असतंत तर उत्तर दिलं असतं."

आम्ही ती चादर घडी केली, मग आणखी सहा केल्या. चुकले, असं मी म्हटलं. ते सातव्या चादरीला म्हटलं, हे मी लपवत नाही. मग मृत्युपत्राचं सांगितलं आणि साक्षीदार म्हणून सही करशील का ते विचारलं. तिने सगळा कागद वाचला. कलम ५ सुद्धा. मी मध्ये बोलायला लागले तर हात वर केला, थांबा म्हणून. वाचून झाल्यावर माझा पेन घेतला, आणि मला वाटलं सही करते आहे, तर तिने टोपण लावून परत दिला.

"मी नाही सही करणार."

"राग आहे ना? असू दे. मी समजू शकते."

"राग तर आहेच. पण टायपिस्ट काय म्हणाला, साक्षीदार मंडळातला चालत नाही. बरोबर ना? मग मला नाही चालायचं. मी परत येतेय."

मला पहिला विचार आला तो घराचा. घर मिळणार म्हणून येते आहे का? हे मी इथे लिहून ठेवते, कारण खरं आहे. तिने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं.

"बघा, लगेच डोळे बारीक झाले," ती म्हणाली. "आणि हे पण सांगते, मी तीन महिने कमोड धुणार नाही."

"नियम आहे तो."

"ऑपरेशननंतर तुम्हाला किती दिवस वजन उचलायला बंदी आहे?"

"तीन महिने."

"मग कच्च्या सभासद तुम्ही. तुम्ही धुवा."

कलम ८. दुरुस्ती. वरच्या कलम ३ मधली बाराची अट आणि दिराला घर देण्याची अट दोन्ही रद्द समजाव्यात. घर मंडळाला, कुठल्याही अटीशिवाय. मंडळ कधी मोडलं तर घर भाचीला, ती बघेल काय करायचं ते.

कलम ४ मधली सभासदाची व्याख्या कायम. सहा म्हणजे सहा. पण सहा वेळा उचलायला माणसाला खाट हाती तरी मिळाली पाहिजे, आणि मी ती मिळूच देत नव्हते. तेव्हा यापुढे असं करावं. कोणाच्याही घरी जाऊन चौकशी करायची नाही. का आलात असं कोणाला विचारायचं नाही. ज्याला फायदा हवा आहे तो येऊ दे, ज्याला बोलायला माणूस हवं आहे तो येऊ दे, प्रमाणपत्रवालीलाही येऊ दे. विचारायचं एकच, कुठला कोपरा धरता. त्याच दिवशी जिना चढवायचा. जो खोटा असेल तो पहिल्या वळणावर कळतो, आणि खोटा असला तरी तेवढ्यापुरती खाट वर गेलेली असते.

कमोडच्या खुर्च्या पाळीपाळीने सगळ्यांनी धुवाव्यात. मास्तरांनीही. किल्ल्या सगळ्यांना द्याव्यात. हे लिहिताना माझा हात जड झाला आहे, पण लिहिलं आहे.

एखादी वस्तू सापडली नाही तर आधी डबे बघावेत, तळापर्यंत. मग ज्या घरी दिली तिथे जाऊन बघावं. मग विचारावं. सभेत उभं राहून सांगायचं सगळ्यात शेवटी.

कलम ९. खाट क्रमांक चार आज मंगळवारी माझ्या वरच्या खोलीत आली आहे. दवाखान्यातून आल्यावर मला झोपून उठता येणार नाही म्हणून. मी मागितली नव्हती. लाँड्रीवालीने मला न विचारता कार्ड "बाहेर" डब्यात टाकलं आणि सकाळी खाट दारात आणली. डोक्याकडच्या एका कोपऱ्याला ती स्वतः. दुसऱ्या कोपऱ्याला औषधवाला, तिने दुकान बंद करायला लावून आणलेला. तिसऱ्याला मास्तर, ज्यांना वेळ नसतो. चौथा कोपरा रिकामा.

तेवढ्यात दीर माझी चौकशी करायला आला. लाँड्रीवालीने त्याला वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "अहो, बघत काय उभे राहिलात? धरा की."

त्याने धरला. का धरला ते कोणी विचारलं नाही. मी जिन्याच्या वर उभी राहून डावीकडे, उजवीकडे सांगत होते. वळणावर मास्तरांची बोटं चेपली, ते शाळेत कधी बोलले नसतील असं काही बोलले, आणि चौघंही हसली. खाट तिरकी करून वळणातून निघाली. मागच्या महिन्यातल्या त्या बाईंच्या जिन्याचं वळण याहून रुंद होतं.

दीर घामाघूम झाला होता. मला म्हणाला, "वहिनी, ही परत खाली कधी न्यायची ते मला सांगा. मी येईन."

याचा अर्थ काय घ्यायचा ते मी अजून ठरवलेलं नाही. पण या वेळी त्याने भिंतीवर टिचकी मारली नाही. दोन्ही हात भरून आले होते.

तर शेवटची सूचना. मी दवाखान्यातून परत आले आणि उठून चालायला लागले, तर खाट लगेच शेडमध्ये जावी. मी परत आले नाही, किंवा आले आणि मग मेले, तर माझ्या खाटेचं कार्ड "थांबा" डब्यात टाकायचं नाही. माझ्या घरी महिना थांबायचा नाही. नवऱ्याचा नियम इतरांसाठी कायम, मला लागू नाही. त्याच दिवशी चौघांनी यावं, कोणाला रडायचं असेल तर एका बाजूला व्हायला सांगावं, आणि खाट उचलावी. कोणीतरी जमिनीवर झोपलेलं असेल.

आता सह्या.

लाँड्रीवाली सभासद झाली म्हणून बाद. मास्तर सभासद नाहीत, कारण सहा भरलेले नाहीत, पण वहीत नाव आहे म्हणून बाद. राहिले औषधवाला आणि दीर. दोघांनी आजवर एकेकदाच खाट उचलली आहे, दोघेही अजून मंडळाबाहेरचे, आणि दोघांनाही यातून काहीही मिळत नाही. टायपिस्टला विचारलं, तो चालेल म्हणाला.

औषधवाल्याने न वाचता सही करायला पेन उचलला. मी म्हटलं, आधी वाचा. कलम ४ पर्यंत आला तेव्हा म्हणाला, "ताई, मी गमतीत म्हटलं होतं हो ते." सही केली.

दिराला मी म्हटलं, "भाऊजी, सगळं वाचा. कलम ३ वाचा आणि मग ८ वाचा. नंतर म्हणू नका वहिनीने फसवलं."

त्याने खिडकीजवळ उभं राहून वाचलं. वेळ लागला, माझं अक्षर तसं आहे. टिचकीचं वाचलं तेव्हा त्याचा कान लाल झाला. एकदा भिंतीकडे बघितलं. मग टेबलावर कागद ठेवला आणि सही केली, माझ्यापेक्षा सरळ.

"म्हणजे अजून पाच राहिल्या," तो म्हणाला.

"कसल्या पाच?"

"सहा भरायला."

घर गेल्याबद्दल एक शब्द नाही. इतक्या सहज सही केली म्हणजे काहीतरी असणार. काय ते मला कळेपर्यंत जगायचा विचार आहे.

हे मृत्युपत्र मी लिहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचलं, आणि त्यांच्यासमोर सही केली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. खाडाखोड आहे ती माझीच, प्रत्येक ठिकाणी बाजूला अंगठा उठवला आहे.

मृत्युपत्र करणारीची सही: (वाकडी आहे, तीच खरी)

साक्षीदार १: ~~लाँड्रीवाली~~ औषधवाला, चौकातलं दुकान. खाट एकदा.

साक्षीदार २: धाकटा दीर. खाट एकदा.

ठिकाण: माझ्या दुकानातलं कापायचं टेबल

दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार. आकड्यांतली तारीख टायपिस्टच्या शिक्क्यात आहे, ती मी तपासून घेतली आहे.